‘असावा’चा भार : शक्यता, औचित्य आणि दायित्व

१

माझ्या शाळकरी वयात मुरुडला एक वृद्ध गृहस्थ जुने कागद वाचून देत असत. निजामी अमलातील मकतबात ते शिकले होते आणि पुढे काही वर्षे त्यांनी कचेरीत काढली होती. इनाम जमिनीचे मुंतखब, सनदा, तहकिकातीचे कागद घेऊन आसपासच्या खेड्यांतली माणसे त्यांच्या ओसरीवर येत. कागद बहुधा उर्दूत असत; एखादा अधिक जुना कागद फार्सीत निघे. ते आधी मोठ्याने वाचीत, मग मराठीत लिहून देत. एकदा अशाच एका कागदातील ‘दादा बाशद’ या दोन शब्दांवर ते बराच वेळ थांबले. जमीन समोरच्या माणसाच्या पूर्वजाला दिली गेली होती की नाही, एवढाच प्रश्न होता. कागद लिहिणाऱ्याने ‘दादा अस्त’ म्हणजे ‘दिली आहे’ असे लिहिले नव्हते. ‘दादा बाशद’, ‘दिली असावी’, असे लिहिले होते. कागद घेऊन आलेला माणूस काकुळतीने म्हणत होता, “काका, नुसतं ‘दिली’ म्हणून लिवा की.” काकांनी मान हलवली. “त्यानं ‘असावी’ लिहिलंय. मी ‘दिली’ लिहिलं तर ती जमीन मी दिली असं होईल.”

त्या वेळी हा मला वृद्धाचा हट्ट वाटला होता. पुढे मराठीचे अध्यापन करताना, आणि त्याच्या सोबतीने अडखळत का होईना फार्सी व्याकरणाशी परिचय करून घेताना, त्या हट्टामागे भाषेविषयीची एक मोठी समज होती हे ध्यानात आले. ‘असावी’ हा शब्द त्यांना ‘दिली’पेक्षा कमी जबाबदारीचा वाटत नव्हता. त्याची जबाबदारी वेगळी होती, आणि ती दुसऱ्या कोणावर ढकलता येणारी नव्हती.

शक्यता व्यक्त करणे ही नैतिक कृती आहे काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. सामान्यतः आपण असे धरून चालतो की विधान करणारा बांधला जातो आणि शक्यता सांगणारा मोकळा राहतो. ‘अमुक घडले’ असे म्हणणाऱ्याकडे पुरावा मागता येतो. ‘अमुक घडले असावे’ असे म्हणणाऱ्याला पळवाट असते. फार्सीतील संभाव्यतादर्शक रूपे आणि मराठीचा विध्यर्थ शेजारी ठेवून पाहिल्यास या समजुतीच्या नेमके उलट काही हाती लागते. हे केवळ व्याकरणापुरते राहत नाही. इतिहासलेखन आणि साहित्यसमीक्षा या आपल्या दोन व्यवहारांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

२

हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत फार्सी ही राजव्यवहाराची भाषा होती; नंतर तिची जागा उर्दूने घेतली. त्याआधीची काही शतके बहमनी, निजामशाही, आदिलशाही आणि मोगल अमलाखाली दख्खनमधला कागद मोठ्या प्रमाणात फार्सीतच लिहिला जात होता. या दीर्घ सहवासाचा मराठीवरील परिणाम आपण प्रायः शब्दसंग्रहापुरता मोजतो. शिवकालातील ‘राजव्यवहारकोश’ने राज्यकारभारातील फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. माधव जूलियन यांनी १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला, आणि पुढे त्यांनीच ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. दोन्ही वेळा विचार झाला तो मुख्यतः शब्दांचा. क्रियापदाच्या रूपांत बोलणाऱ्याची जी वृत्ती उमटते, जिला आपले व्याकरण ‘अर्थ’ अशी मोठी अर्थपूर्ण संज्ञा देते, ती शब्दासारखी उसनी घेता येत नाही आणि हद्दपारही करता येत नाही. तिचे सुटे अवशेष मात्र आपल्याकडे विखुरलेले आहेत.

‘बाशद’ हे ‘असणे’ या अर्थाच्या फार्सी क्रियापदाचे रूप. त्याचा धातू आपल्या ‘शाबास’मध्ये आहे : ‘शाद बाश’, आनंदी ऐस. त्याच क्रियापदाचे इच्छार्थी, आशीर्वादाचे रूप ‘बाद’ हे ‘झिंदाबाद’मध्ये आहे : जिवंत असो. (हैदराबाद, औरंगाबाद या जुन्या नावांतला ‘आबाद’ वेगळा, त्याचा अर्थ वसलेला.) उर्दू-दखनीतून कानांवर येणारा ‘शायद’ आज केवळ ‘कदाचित’ या अर्थाचे अव्यय आहे, परंतु मुळात ते ‘शायस्तन’ या क्रियापदाचे तृतीय पुरुषी एकवचनी रूप. शायस्तन म्हणजे शोभणे, योग्य असणे. ज्याच्यापाशी हे शोभणे आहे तो ‘शायस्ता’. मराठी मुलाला लाल महालाच्या गोष्टीतून पहिल्यांदा भेटणाऱ्या शाइस्तेखानाच्या किताबात तोच शब्द आहे. सादीच्या ‘गुलिस्तान’मध्ये (१२५८) ‘शायद’ आणि ‘नशायद’ हे ‘योग्य आहे’ आणि ‘योग्य नव्हे’ या अर्थाने येतात. म्हणजे ‘शायद बियायद’ या आजच्या वाक्याचा अर्थ ‘कदाचित तो येईल’ असा असला, तरी त्याच्या तळाशी ‘तो यावा हे जुळते, शोभते’ असा अर्थ आहे. ‘बायद’ म्हणजे ‘पाहिजे’ या शब्दानंतरही क्रियापदाचे तेच रूप येते : ‘बायद बियायद’, त्याने आले पाहिजे. कदाचित आणि पाहिजे या दोन टोकांच्या भावांना फार्सी एकच रूप देते.

भूतकाळाविषयीच्या संभावनेसाठी फार्सीत धातुसाधित आणि ‘बाशद’ यांची जोडणी होते : ‘आमदा बाशद’, तो आला असावा. माझे कुतूहल जागे केले ते या रूपाच्या नावांनी. ‘आमदनामा’सारख्या प्राथमिक पुस्तकांतून हिंदुस्थानातील पिढ्यान्‌पिढ्यांनी जी फार्सी रूपे पाठ केली, त्या परंपरेत याला ‘माजी शक्किया’ असे म्हणतात. (‘माजी’ म्हणजे भूतकाळ, आपण तो शब्द माजी आमदारांपुरता राखून ठेवला आहे.) याच रूपाला ‘माजी एहतिमाली’ असेही नाव आहे. आधुनिक इराणी व्याकरणात मात्र त्याला ‘माजी इल्तिजामी’ म्हणतात, आणि वर्तमानाच्या ‘बियायद’सारख्या रूपाला ‘मुजारे इल्तिजामी’. एका रूपाला तीन नावे, आणि तिन्ही अरबी धातूंपासून आलेली.

‘शक्किया’ शकावरून. हा शक म्हणजे संशय; संस्कृत शक् धातूशी, ‘शक्य’शी, त्याचा संबंध नाही, केवळ ध्वनिसाम्य आहे. या नावात बोलणाऱ्याच्या मनाची अवस्था सांगितली आहे : त्याला खात्री नाही. ‘एहतिमाल’ हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ आहे वाहणे. लातूरच्या गंजगोलाईत किंवा आडतीवर पोती वाहणारा ‘हमाल’ त्याच धातूतून आला आहे. एहतिमाल म्हणजे आपल्यावर भार घेणे, तो सोसणे. त्यावरून वाक्य जो अर्थ ‘सोसू शकते’ तो त्याचा संभाव्य अर्थ. तिसरे नाव ‘इल्तिजाम’. याच्या धातूचा अर्थ चिकटून असणे, बांधलेले असणे. लाजिम, मुलाजिम हे त्याचेच शब्द. इल्तिजाम म्हणजे स्वतःला बांधून घेणे, एखादी गोष्ट स्वतःवर बंधनकारक करून घेणे.

या तीन नावांमध्ये एक क्रम वाचण्याचा मोह आवरत नाही. व्याकरणकारांनी तो योजिला होता असे माझे म्हणणे नाही. संज्ञा बहुधा सोयीने रूढ होतात. पण एकाच रूपाकडे पाहणाऱ्या तीन दृष्टी त्यांत टिकून राहिल्या आहेत हे नाकारता येत नाही. पहिल्या दृष्टीला संशय दिसतो, दुसरीला भार, तिसरीला बंधन. ‘दादा बाशद’पाशी थांबलेले काका पहिल्या नावाने ते रूप शिकले असणार, वागले ते तिसऱ्या नावाप्रमाणे.

३

मराठीकडे वळताना प्रथम एक स्पष्ट केले पाहिजे. ‘आमदा बाशद’ आणि ‘आला असावा’ यांतील साम्य उसनवारीचे नव्हे. मराठीच्या -आवा प्रत्ययाचा माग भाषाशास्त्रज्ञांनी संस्कृत -तव्य या प्रत्ययापर्यंत लावला आहे. ‘करावा’च्या मागे ‘कर्तव्य’ आहे. ज्या शब्दाने आपण नैतिक बंधनाचा सर्वांत उघड उच्चार करतो त्याच शब्दाच्या घडणीतून आपले संभावनेचे रूप निघालेले आहे. संस्कृतातही ‘भवितव्यम्’ हे रूप अनुमानासाठी येते : त्याने इथे असले पाहिजे, म्हणजे तो इथेच असणार. मराठीत तेच ‘भवितव्य’ नाम होऊन आपल्यापुढे उभे राहिले. शालेय व्याकरणसुद्धा विध्यर्थाचे अर्थ सांगताना कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा यांची एका दमात यादी देते. विद्यार्थी ती यादी पाठ करतात. या चार गोष्टी एका रूपात का नांदतात, हे सहसा कोणी विचारीत नाही.

या सहवासात मराठीने एक सूक्ष्म भेद राखला आहे. ‘त्याने घरी असावे’ आणि ‘तो घरी असावा’ ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात कर्त्याला तृतीया आहे. घरी असण्याचे ओझे ‘त्याच्या’वर आहे. दुसऱ्यात कर्ता प्रथमेत आला आणि तो मोकळा झाला. त्याने काही करायचे उरलेले नाही. मग -आवा प्रत्ययातले कर्तव्य गेले कोठे? ते नाहीसे झाले असे मला वाटत नाही. ते बोलणाऱ्याकडे आले. ‘तो घरी असावा’ असे म्हणणाऱ्याला ‘कशावरून?’ असा प्रश्न विचारता येतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते : दिवा दिसतो आहे, चपला दाराशी आहेत, ही त्याची घरी असण्याची वेळ आहे. फार्सीच्या ‘शायद’मध्ये जे शोभणे आहे ते इथे अनुमानाच्या रूपाने प्रकट होते. ज्ञात गोष्टींशी जे जुळते, शोभते, ते असावे.

‘तो घरी असेल’ हे वाक्य याहून हलके आहे. ‘असेल बुवा’ असे म्हणून बोलणारा त्यातून अंग काढून घेऊ शकतो. ‘असावा बुवा’ असे म्हणताना जीभ किंचित अडखळते. आणि ‘तो घरी असू शकतो’ हे तिसरे वाक्य तर निराळ्याच जातीचे आहे. शकणे म्हणजे सामर्थ्य असणे. ‘ती विहीर पोहून जाऊ शकते’ या वाक्यात सामर्थ्य तिचे आहे. ‘तो घरी असू शकतो’ या वाक्यात सामर्थ्य कोणाचे? त्याचे नाही, बोलणाऱ्याचेही नाही. जगाची रचनाच अशी आहे की त्याचे घरी असणे तिच्यात बसते. या वाक्याला ‘कशावरून?’ हा प्रश्न चिकटत नाही. घरी असू शकतो, शेतात असू शकतो, बाजारात असू शकतो. सारेच खरे आणि कशाचेच उत्तरदायित्व कोणावर नाही.

‘शकणे’चा हा वापर इंग्रजी-हिंदीच्या संसर्गाने वाढला असे म्हटले जाते. त्याचे मूळ कोठलेही असो, त्याचा प्रसार कोठे झाला आहे ते पाहण्यासारखे आहे. भाव वाढू शकतात, पाऊस लांबू शकतो, निर्णय होऊ शकतो : वृत्तपत्रे, कार्यालये, तज्ज्ञांची निवेदने यांत हे रूप प्रतिष्ठित झाले आहे. मुरुडच्या शिवारात जून महिन्यात आभाळाकडे पाहून ‘उद्या-परवा पडावा असा रंग आहे’ असे म्हणणारा शेतकरी चुकतोही. पण पेरणी त्याच्या म्हणण्यावर ठरणार असते, तो आपल्या अनुमानासह बियाणे मातीत घालतो. ‘पाऊस पडू शकतो’ या वाक्याचा उच्चार करणाऱ्याचे बियाणे कोठेच पडलेले नसते. हवामानशास्त्र संभाव्यतेची प्रमाणे ठरवून सांगते तेव्हा तेही ‘कशावरून?’चे उत्तर द्यायला बांधलेले असते; प्रश्न आहे तो शास्त्राचा आव आणून ते प्रमाण गाळणाऱ्या भाषेचा.

आपल्या पत्रव्यवहाराची जुनी अखेर इथे आठवते : ‘लोभ असावा ही विनंती’. या ‘असावा’मध्ये आज्ञा नाही आणि निवांत अनुमानही नाही. लोभ आहे असे लिहिणारा गृहीत धरीत नाही, पण तो असण्याजोगे आपण वागलो आहोत आणि वागू, एवढे तो स्वतःकडे घेतो. याच जागी ‘लोभ असू शकतो’ असे लिहून पाहावे, म्हणजे दोन रूपांमधले अंतर कळते.

४

इथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि त्याला बाजूला सारून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. विध्यर्थाची ही प्रशस्ती कोण करतो आहे? -तव्य आणि -आवा ही ‘विधी’ची रूपे आहेत, आणि विधी सांगण्याचा अधिकार या समाजात सर्वांना नव्हता. अमक्याने अमक्या पायरीने राहावे, अमके शिकू नये, अमक्या पाणवठ्यावर जाऊ नये : शतकानुशतके ‘असावे’ हे रूप काहींच्या मुखी आणि ‘त्याने’ ही तृतीया काहींच्या माथी, अशी वाटणी होती. ज्यांच्यावर कर्तव्ये लादली गेली त्यांना कर्तव्यातून निघालेल्या संभावनेचे कौतुक का वाटावे? त्यांच्या दृष्टीने ‘शकणे’ हेच मुक्तीचे क्रियापद आहे. ‘मी शिकू शकतो’, ‘मी लिहू शकते’ या वाक्यांत सामर्थ्याचा जो उच्चार आहे त्याच्यामागे मोठा संघर्ष उभा आहे. मराठवाड्यातील दलित लेखनाने तो उच्चार आपल्या वाङ्मयात आणला. त्याला विध्यर्थाच्या अदबीची गरज नव्हती.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मान्य केल्यानेच मूळ मुद्दा अधिक नेमका होतो. अरबी घडणीतील एक भेद इथे उपयोगी पडतो. ज्या धातूपासून ‘इल्तिजाम’ आला त्याच धातूपासून ‘इल्जाम’ही आला आहे. इल्तिजाम म्हणजे स्वतःला बांधून घेणे; इल्जाम म्हणजे दुसऱ्यावर बंधन लादणे, आणि त्यावरून आरोप. धातू एक, भार तोच. खांदा मात्र बदलला. आपल्या विध्यर्थाचा सामाजिक इतिहास बराचसा इल्जामाचा इतिहास आहे. ‘त्याने असावे’ असे म्हणणारे स्वतःला त्या वाक्यात कधी घालत नव्हते. ‘तो असावा’ या वाक्यात भार बोलणाऱ्याकडे येतो असे मी वर म्हटले, ते म्हणूनच महत्त्वाचे आहे. विध्यर्थाला आपल्या इतिहासातून बाहेर पडण्याचा तो एक मार्ग आहे. ‘मी शिकू शकतो’मधील शकणे आणि ‘पाऊस पडू शकतो’मधील शकणे यांनाही एका मापाने मोजता येणार नाही. पहिल्यात ‘मी’ उभा आहे आणि त्या वाक्याची किंमत तोच देणार आहे. दुसऱ्यात कोणीच उभे नाही.

इच्छार्थाचेही तसेच. ‘झिंदाबाद’ आणि ‘मुर्दाबाद’ ही दोन फार्सी इच्छारूपे मराठवाड्याच्या रस्त्यांवर सतत घुमत आली आहेत. व्याकरणदृष्ट्या दोन्ही प्रार्थना आहेत : जिवंत असो, मृत असो. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यानंतर मराठवाड्यातील अनेक खेड्यांत दलितांची घरे जाळली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या मधल्या वर्षांकडे पाहताना असे जाणवते की ‘असो’ हा शब्द हवेत राहत नाही. तो कोणाच्या तरी घरावर उतरतो. घोषणा देणाऱ्या गर्दीत ‘मी केवळ म्हटले’ असे प्रत्येकाला म्हणता येते. घोषणेचे रूप मात्र म्हणणाऱ्याला मोकळे सोडीत नाही, कारण जे नाही ते असावे असे मागणे हे त्याच्या असण्यात भागीदार होणे आहे.

५

इतिहासकाराला हा भार रोजचा आहे. सेतुमाधवराव पगडी (१९१०-१९९४) यांचा जन्म याच भागातील निलंग्याचा. मोगलकालीन फार्सी साधने मराठीत आणण्याचे जे काम त्यांनी केले, भीमसेन सक्सेनाचा वृत्तांत आणि मोगल दरबारची बातमीपत्रे मराठी वाचकापुढे ठेवली, त्याचे मूल्य आपण माहितीच्या दृष्टीने मान्य केले आहे. त्यातील भाषिक नीतीचा विचार व्हायचा आहे. जुन्या फार्सीत आजच्यासारखे ‘बि-’ आणि ‘मी-’ हे उपसर्ग प्रत्येक वेळी रूपे स्पष्ट करीत नाहीत. नुसते ‘आयद’ हे संदर्भानुसार ‘येतो’, ‘येईल’ किंवा ‘यावा’ असे होते. म्हणून तर जुन्या परंपरेत त्याला ‘मुजारे’ असे एकच नाव पुरले. मजकुरात ‘गोयंद’, म्हणजे ‘म्हणतात’, असे आले की लेखक आपल्याला ऐकीव सांगतो आहे. मराठीत उतरवताना भाषांतरकाराला दर वाक्याला निवड करावी लागते : आला, आला म्हणतात, आला असेल, आला असावा. त्यांपैकी एक रूप लिहिले की एक इतिहास उभा राहतो. पराक्रमाच्या किंवा विश्वासघाताच्या प्रसंगी ‘असावा’ गाळून ‘होता’ लिहिण्याचा मोह किती प्रबळ असतो आणि त्याचे परिणाम किती दूर जातात, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. त्याच्या उलट, जिथे कागद स्पष्टपणे ‘अस्त’ म्हणतो आहे तिथे गैरसोयीपोटी ‘असावे’ लिहिणे हीही तेवढीच लबाडी आहे. मुरुडच्या ओसरीवरचा तंटा हा साऱ्या इतिहासलेखनाचा तंटा आहे.

समीक्षेची गत याहून सोपी नाही. संहितेला एकच एक अर्थ नसतो, वाचक अर्थनिर्मितीत सहभागी असतो, अर्थ सतत पुढे ढकलला जातो : या गोष्टी मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत आत्मसात केल्या, आणि त्यातून एकाधिकारी अर्थनिर्णयाची मक्तेदारी मोडली हे चांगलेच झाले. परंतु या मुक्ततेबरोबर एक वाक्यरचनाही रूढ झाली : ‘या कवितेचा असाही अर्थ होऊ शकतो.’ होऊ शकतो, खरेच. कोणत्याही संहितेचा कोणताही अर्थ कोठल्या तरी वाचनव्यूहात होऊ शकतो. फार्सीत मुख्यतः ‘जर’ या अर्थाचा असलेला ‘अगर’ मराठीत ‘किंवा’ या अर्थी स्थिरावला. आपल्या समीक्षेतही काहीसे तसेच झाले आहे. अमुक धरले तर अमुक अर्थ, अशी जी अट वाचनामागे असते ती निघून गेली आणि हा अर्थ अगर तो अर्थ, अशी पर्यायांची मांडणी शिल्लक राहिली. विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांमध्ये मी हे वाक्य वारंवार वाचतो, आणि माझ्या स्वतःच्या जुन्या लेखांतही ते सापडते. त्याची सोय अशी की ‘कशावरून?’ हा प्रश्न दारातूनच परत जातो.

‘असा अर्थ असावा’ हे वाक्य त्या तुलनेत अवघड आहे. ते निश्चितीचा दावा करीत नाही. म्हणून जुन्या अर्थनिर्णयवाद्यांना ते दुबळे वाटेल. पण हा अर्थ संहितेला शोभतो, तिच्यातील इतर घटकांशी जुळतो, आणि तो न शोभल्यास दोष माझ्या वाचनाचा असेल, एवढे ते स्वीकारते. आपल्या काव्यशास्त्रात यासाठी शब्द आहे. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून औचित्याला काव्याचे जीवित मानले. आपण ती चर्चा बहुधा रचनेच्या अंगाने, कवीने काय करावे या अंगाने वाचतो. वाचकाच्या अनुमानालाही औचित्य असते, असा तिचा विस्तार करायला जागा आहे. ॲरिस्टॉटलने कवीचे क्षेत्र घडलेले नव्हे तर संभवनीय, असे सांगितले तेव्हा त्याने वापरलेला ग्रीक शब्द ‘एइकोस’ हाही संभवनीय आणि सयुक्तिक असा दुहेरी अर्थ वाहणारा आहे. फार्सीतील शोभणे, संस्कृतातील कर्तव्य आणि ग्रीकमधील सयुक्तिकता यांपैकी कोणी कोणाचे काही उसने घेतले असे इथे म्हणायचे नाही. माणसे जेव्हा नसलेल्याविषयी, न पाहिलेल्याविषयी बोलतात तेव्हा ती योग्यतेची भाषा शोधतात, एवढा धागा मला त्यांत दिसतो.

६

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मी त्या वेळी शाळेत होतो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे दगडामातीच्या भिंतींखाली गेली आणि हजारो माणसे मरण पावली. आमच्याकडे त्या दिवसांत मोठ्यांच्या बोलण्यात क्रियापदांची जी रूपे होती ती आजही माझ्या कानांत आहेत, जरी त्यांचा अर्थ पुष्कळ उशिरा लागला. ‘आत कोणी असेल’ असे दूर उभा असलेला माणूस म्हणतो. ‘आत कोणी असू शकते’ असे कागदावर लिहिता येते. ‘आत कोणीतरी असावे’ असे जो म्हणतो त्याने काही ऐकलेले असते, खाट कोणत्या भिंतीला लागून होती हे त्याला ठाऊक असते. आणि ते म्हटल्यावर त्याला तिथून निघून जाता येत नाही. त्याला दगड उचलावे लागतात. दगडाखाली कोणी नसले तर त्याची चूक झाली, पण ती चूक त्याला हात लावून कळते.

शक्यतेचे हे मोल ध्यानात घेतल्यास सुरुवातीची समजूत उलटते. विधान करणारा पुराव्याच्या आधारे उभा असतो. त्याचा भार पुरावा वाहतो. शक्यता सांगणाऱ्याकडे पुरावा अपुरा असतो आणि उरलेला भार त्याला स्वतःला वाहावा लागतो. एहतिमाल या शब्दाचा हाच अर्थ मला आज लागतो. असा भार वाहण्याची तयारी नसेल तेव्हा गप्प राहण्याचा मार्ग खुला असतो, आणि तो लाजिरवाणा नाही. लाजिरवाणे आहे ते शक्यतेचे शब्द वापरून भार मात्र जगाच्या माथी टाकणे.

काकांनी त्या दिवशी अखेर ‘दिली असावी’ असेच लिहून दिले. कागद घेऊन आलेला माणूस नाराज होऊन गेला. त्या जमिनीचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. त्यांनी मराठीत लिहिलेल्या त्या ओळीखाली स्वतःची सही केली होती, एवढे मला आठवते. मूळ कागदावर मात्र लिहिणाऱ्याचे नाव नव्हते.